एक्सरेफचे पाथ का तुटतात आणि तुटू नयेत म्हणून काय करायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात सयाजीगंजला आमचं छोटंसं ड्राफ्टिंग ऑफिस आहे. आर्किटेक्टचे प्लॅन, स्ट्रक्चरची ड्रॉइंग्ज, मकरपुऱ्यातल्या शेडचे लेआउट, असं सगळं मिळून काम चालतं. दिवसातून एकदा तरी फोन वाजतो आणि पलीकडून तेच वाक्य येतं: "ताई, फाइल उघडली, पण आत काहीच नाही!" दर वेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं, म्हणून हे प्रश्न.

एक सूचना आधीच. इथे कमांडची नावं देवनागरीत आहेत. टाइप करताना इंग्रजी स्पेलिंगने, मध्ये जागा न सोडता करायची. उदाहरणं ऑटोकॅडची, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरची आहेत.

एक्सरेफ म्हणजे नक्की काय? फाइल आत नसते, तर दिसते कशी?

एक्स्टर्नल रेफरन्स, म्हणजे आपल्या ड्रॉइंगमध्ये जोडून दाखवलेली दुसरी, बाहेरची फाइल. ज्यांनी ड्रॉइंग बोर्डावर काम केलंय त्यांना हे एका वाक्यात कळतं: खाली मूळ प्लॅनची शीट, वर ट्रेसिंग पेपर. कॉलम ग्रिड, म्हणजे खांबांच्या जागा दाखवणारी रेषांची जाळी, खालच्या कागदावर; तुम्ही वरच्या कागदावर फूटिंग, म्हणजे खांबांचे पाये, काढताय. खालचा कागद बदलला की वरून दिसणारं चित्रही बदलतं. बडोद्यात कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था १८९० मध्ये सुरू झाली. तिथल्या पोरांनी टी-स्क्वेअर धरून जे केलं, तेच ऑटोकॅडच्या अकराव्या रिलीजने १९९० मध्ये एक्सरेफ आणून पडद्यावर दिलं. बरोबर शंभर वर्षांचं अंतर, हा आपला योगायोग.

फरक एकच. ट्रेसिंग पेपर दोन टाचण्यांनी खालच्या कागदाला लावलेला असतो. एक्सरेफमध्ये टाचण्या नाहीत, नुसता पत्ता आहे. तुमच्या फाइलमध्ये, म्हणजे होस्ट फाइलमध्ये, एवढीच नोंद असते की अमुक नावाची फाइल तमुक ठिकाणी आहे, ती आणून इथे दाखव. त्या पत्त्यालाच पाथ म्हणायचं. पत्त्यावर फाइल नसेल तर जिथे ग्रिड दिसायला हवा तिथे इन्सर्शन पॉइंटला एक बारीकशी ओळ येते, त्यात फाइलचा पाथ लिहिलेला असतो. पूर्ण ड्रॉइंग झूम आउट असलं की ती ओळ मुंगीएवढी होते. मग माणूस म्हणतो, आत काहीच नाही.

पाथ किती प्रकारचे असतात? कोणता घ्यावा?

तीन. मांडवीजवळच्या पोळात, म्हणजे जुन्या शहरातल्या गल्लीत, राहणाऱ्याला पत्ता विचारा. एक जण सांगेल पोस्टाचा पूर्ण पत्ता: घर नंबर, पोळाचं नाव, बडोदा ३९०००१. दुसरा सांगेल, "आमच्या घरातून बाहेर पड, दोन घरं सोड, डावीकडचा जिना." तिसरा म्हणेल, "नाव सांग, कोणीही दाखवेल."

पहिला म्हणजे फुल पाथ. डी ड्राइव्हपासून फाइलपर्यंत सगळी साखळी जशीच्या तशी लिहिलेली. दुसरा रिलेटिव्ह पाथ: होस्ट फाइल जिथे आहे तिथून कसं जायचं तेवढंच. तिसरा नो पाथ, फक्त फाइलचं नाव, शोधायचं काम ऑटोकॅडचं.

घ्यावा रिलेटिव्ह. अख्खी पोळ उचलून दुसऱ्या गावात नेली तरी "दोन घरं सोडून डावीकडे" खरंच राहतं, पोस्टाचा पत्ता मात्र खोटा पडतो. प्रोजेक्टचं फोल्डर कॉपी होतं, पेनड्राइव्हवर जातं, दुसऱ्या ऑफिसात उघडतं. ते हलणारच, त्यामुळे पत्ताही हलणाऱ्या घराचा हवा.

ऑटोकॅड २०१८ पासून नवीन एक्सरेफ जोडताना रिलेटिव्हच आधीपासून निवडलेलं असतं. त्याआधीच्या आवृत्त्यांत फुल पाथ आपोआप यायचा. म्हणून २०१७ पर्यंतच्या फाइली कोणी पाठवल्या की मी आधी पाथच तपासते. आपल्या मशीनवर काय लागलंय ते रेफपाथटाइप या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे सेटिंगमध्ये, कळतं: ० म्हणजे नो पाथ, १ म्हणजे रिलेटिव्ह, २ म्हणजे फुल. जुन्या आवृत्तीत आणखी एक अडचण होती, होस्ट फाइल एकदा सेव्ह केल्याशिवाय रिलेटिव्ह निवडताच यायचं नाही. बरोबरच आहे म्हणा, स्वतःचंच घर नसेल तर "दोन घरं सोडून" कुठून मोजणार?

पाथच्या सुरुवातीला दोन टिंबं दिसतात, ती काय?

समजा प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये दोन फोल्डर आहेत, आर्किटेक्चर आणि स्ट्रक्चर. स्ट्रक्चरमध्ये फूटिंगची फाइल, आर्किटेक्चरमध्ये ग्रिडची. फूटिंगमध्ये ग्रिड जोडला की पाथ असा दिसतो:

..\आर्किटेक्चर\ग्रिड.डीडब्ल्यूजी

दोन टिंबं म्हणजे एक पायरी वर चढ, स्ट्रक्चरमधून बाहेर प्रोजेक्टमध्ये ये. मग आर्किटेक्चरमध्ये शिर, ग्रिड घे. एकच टिंब असेल तर मी आहे त्याच फोल्डरमध्ये बघ. दोन पायऱ्या चढायच्या असतील तर ..\..\ असं दोनदा.

एक बारीक गोष्ट इथे लोक चुकतात. ग्रिडच्या आत आणखी एखादी फाइल जोडलेली असेल, सर्व्हेचा प्लॅन म्हणा, तर तिचा रिलेटिव्ह पाथ ग्रिडच्या जागेवरून मोजला जातो. तुम्ही फूटिंग उघडून बसलात म्हणून तो फूटिंगच्या जागेवरून मोजला जात नाही. आतला पत्ता सुधारायचा तर ग्रिडची फाइल उघडूनच सुधारायचा.

माझ्याकडे व्यवस्थित उघडते, आर्किटेक्टकडे उघडत नाही. का?

दहापैकी आठ वेळा कारण एकच: डेस्कटॉप. सर्व्हेअरने ईमेलवर फाइल पाठवली, घाईत डेस्कटॉपवर उतरवली, तिथूनच जोडली. तुमचं मशीन असेपर्यंत ती सापडत राहते. दुसऱ्याच्या मशीनवर तुमचा डेस्कटॉप कुठून येणार? आमच्याकडे नियम आहे, बाहेरून आलेली फाइल आधी प्रोजेक्टच्या "आवक" फोल्डरमध्ये, मग जोडायची. नवीन मुलं हसतात, महिनाभर.

उरलेल्या दोन वेळा होस्ट फाइल एकटीच पाठवलेली असते, बाकीच्या घरीच. त्याचं उत्तर पुढे पॅकिंगच्या प्रश्नात आहे.

एकही एरर आली नाही, सगळं दिसतंय, तरी प्रिंट चुकीची निघाली. हे कसं?

हा खरा धोक्याचा प्रश्न. फाइल न सापडणं परवडलं, निदान कळतं तरी. चुकीची सापडली तर कळतच नाही.

लिहिलेल्या पत्त्यावर फाइल मिळाली नाही की ऑटोकॅड हात वर करत नाही. त्याच नावाची फाइल आणखी काही ठिकाणी शोधतं. आधी होस्ट फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे, मग ऑप्शन्समध्ये प्रोजेक्ट सर्च पाथ दिले असतील तर तिथे, मग सपोर्ट पाथमध्ये, शेवटी ऑटोकॅडच्या शॉर्टकटमधल्या स्टार्ट-इन फोल्डरमध्ये. कुठेही त्या नावाची फाइल मिळाली की ती लावून मोकळं. स्टेटस? लोडेड.

आमच्याकडे घडलेलं सांगते. एका शेडचं काम होतं, सहा बे, म्हणजे कॉलमच्या रांगांमधले सहा गाळे. आर्किटेक्टने बे सहा मीटरऐवजी साडेसहा मीटरचे केले आणि नवं फोल्डर पाठवलं. आमच्या मुलाने ते "आर्किटेक्चर_नवीन" म्हणून ठेवलं आणि आधीच्याला "आर्किटेक्चर_जुने" असं नाव दिलं. बिचाऱ्याला वाटलं, आपण किती नीट लावून ठेवलं. झालं काय, तर ..\आर्किटेक्चर\ हा पत्ताच राहिला नाही. आणि स्ट्रक्चरच्या फोल्डरमध्ये महिन्यापूर्वी कोणीतरी मापं काढायला ग्रिडची एक कॉपी आणून टाकली होती. ऑटोकॅडला तीच मिळाली. फूटिंग प्लॅन छान उघडला, कॉलम दिसले, अक्षांचे गोल दिसले. प्रिंट काढायच्या आधी मी सवयीने एकूण लांबीची बेरीज केली. छत्तीस मीटर. आर्किटेक्टच्या पत्रात एकोणचाळीस. शीट तिथेच थांबवली. नाहीतर साइटवर चुन्याने आखणी झाली असती.

तेव्हापासून ऑफिसात एकच गोष्ट सक्तीची आहे. एक्स्टर्नल रेफरन्सेसची पॅलेट, म्हणजे जोडलेल्या फाइलींची यादी दाखवणारी खिडकी, उघडायची, ती एक्सरेफ कमांडने उघडते. फाइलवर क्लिक केलं की खाली डिटेल्समध्ये दोन ओळी वाचायच्या: सेव्ह्ड पाथ आणि फाउंड ॲट. पहिली म्हणजे कुठे असायला हवी, दुसरी म्हणजे खरोखर कुठे सापडली. या दोन ओळी एकाच जागेबद्दल बोलत नसतील तर हिरवी खूण काहीही सांगो, प्रिंट काढायची नाही.

फोल्डर कसे लावावेत म्हणजे हे होणार नाही?

फोल्डरची रचना कशीही करा, पण एकदा ठरली की प्रोजेक्ट संपेपर्यंत तिला हात लावू नका. फोल्डरचं नाव हा पत्त्याचाच भाग आहे, हे मुलांच्या डोक्यात बसायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

दुसरं, जोडलेल्या फाइलच्या नावात रिव्हिजन घालू नका. "ग्रिड_आर३", "ग्रिड_फायनल", "ग्रिड_फायनल_खरंच". प्रत्येक नव्या नावाबरोबर तिला जोडलेली प्रत्येक होस्ट फाइल जुन्या ग्रिडकडेच बघत राहते. चालू फाइलचं नाव कायम "ग्रिड". नवीन आली की जुनी उचलून तारखेसकट "जुने" फोल्डरमध्ये, आणि नवी त्याच जागी, त्याच नावाने. रिव्हिजन नंबर शीटच्या टायटल ब्लॉकमध्ये, म्हणजे शीटवरच्या नाव-नंबरच्या चौकटीत, शोभतो. आर्किटेक्ट स्वतःच्या नावाने फाइल पाठवणार, ते आपल्या हातात नाही. आवकमध्ये त्यांची मूळ फाइल तशीच ठेवायची, कामाच्या फोल्डरमध्ये आपल्या नावाने.

सर्व्हर बदलला आणि शेकडो ड्रॉइंग्जचे एक्सरेफ गेले. एकेक उघडून दुरुस्त करायचे का?

नको. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आमचं ऑफिस तळमजल्यावर होतं. सर्व्हरचा डबा दोघांनी उचलून वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे, त्यांच्या देवघराशेजारी ठेवला. डेटा वाचला. पण ओलीमुळे मशीन पुढे टिकलं नाही. नवीन घेतलं, त्याला नवं नाव दिलं, आणि सोमवारी सकाळी अर्धी ड्रॉइंग्ज आंधळी. ज्या कामांत पाथ रिलेटिव्ह होते ती काही न करता उघडली. ज्यांत सर्व्हरच्या नावापासून फुल पाथ होता, ती सगळी बसली.

सगळ्यात सोपा उपाय आम्हाला दोन दिवसांनी सुचला, तो तुम्हाला आधीच सांगते: नव्या मशीनला आणि शेअर केलेल्या फोल्डरला जुनंच नाव द्या. पत्ता तोच, घरमालक बदलला. ड्रॉइंगना पत्ताच लागत नाही.

नाव बदलणं शक्य नसेल तर रेफरन्स मॅनेजर. ऑटोकॅडबरोबरच येतो, पण स्टार्ट मेनूत ऑटोकॅडच्या गटात वेगळा असतो, म्हणून बऱ्याच जणांना माहीतच नसतो. त्यात ड्रॉइंग्ज घातली की आतले एक्सरेफ, इमेज, फॉन्ट, प्लॉट स्टाइल सगळ्यांचे पाथ एका यादीत दिसतात. फाइंड अँड रिप्लेसने जुन्या सर्व्हरचं नाव काढून नवं घालायचं, लागू करायचं. ड्रॉइंग एकेक उघडावं लागत नाही. आधी अख्ख्या फोल्डरची कॉपी, हे सांगायला नकोच. ऑटोकॅड एलटी या स्वस्त, कमी सोयींच्या आवृत्तीत मात्र रेफरन्स मॅनेजर नाही.

एलटीवाल्यांना दोन वाटा. २०१८ पासून पॅलेटमध्येच न सापडलेल्या फाइलवर राइट क्लिक केलं की नवा पाथ निवडता येतो. एका फाइलचा पाथ दाखवला की बाकी हरवलेल्यांनाही तोच लावू का, असं ते विचारतं. दुसरी वाट म्हणजे एक्सरेफ कमांडच्या आधी वजाचं चिन्ह लावून टाइप करायची. मग खिडकी न उघडता कमांड लाइनवर प्रश्न येतात, त्यात पाथ हा पर्याय असतो. ते स्क्रिप्टमध्ये घालून ठेवता येतं.

दुरुस्त करताय तर त्याच फेरीत फुल पाथ रिलेटिव्ह करून टाका. पॅलेटमध्ये फाइल निवडून राइट क्लिक, चेंज पाथ टाइप. पुढचा पूर येईल तेव्हा हे काम पुन्हा नको.

मॅप केलेली ड्राइव्ह वापरावी की सर्व्हरचं नाव?

मॅप केलेली ड्राइव्ह म्हणजे सर्व्हरवरच्या फोल्डरला आपल्या मशीनवर दिलेलं ड्राइव्हचं अक्षर. रिलेटिव्ह असाल तर दोन्ही चालतात. अडचण एकच, रिलेटिव्ह पाथ एका ड्राइव्हवरून दुसऱ्या ड्राइव्हवर उडी मारू शकत नाही. होस्ट डी वर आणि टायटल ब्लॉकची फाइल झेड वर असेल तर तो एक्सरेफ फुलच राहणार. टायटल ब्लॉकची कॉपी प्रत्येक प्रोजेक्टमध्ये ठेवा, जागा किती खाते?

फुल पाथ ठेवावाच लागला तर सर्व्हरच्या नावाने ठेवा. झेड ड्राइव्ह एका टेबलावर झेड असते, दुसऱ्यावर वाय.

गुगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हवर काम केलं तर?

वनड्राइव्हचं फोल्डर विंडोजमध्ये युजरच्या नावाखाली बसतं. म्हणजे फुल पाथमध्ये तुमचं नाव आलं, आणि सहकाऱ्याच्या मशीनवर त्या जागी त्याचं नाव. इथे रिलेटिव्हशिवाय इलाजच नाही.

त्याहून वाईट म्हणजे एकाच वेळी दोघांनी फाइल उघडणं. ऑफिसच्या सर्व्हरवर कोणी फाइल उघडली की शेजारी डीडब्ल्यूएल नावाची छोटी फाइल तयार होते आणि दुसऱ्याला ती फक्त वाचायला मिळते. सिंकमध्ये तो निरोप वेळेवर पोचेल याचा भरवसा नाही. दोघं सेव्ह करतात, एकाची फाइल वेगळ्या नावाने बाजूला पडते, आणि एक्सरेफ मात्र मूळ नावाकडेच बघतो. कोणाचं काम गेलं ते आठवड्याने कळतं. आम्ही क्लाउड देवाणघेवाणीला वापरतो, चालू कामाला नाही. आणि वापरत असालच तर प्रोजेक्टचं फोल्डर कायम मशीनवर उतरवून ठेवा. ढगाची खूण असलेली फाइल नेट गेलं की नसल्यातच जमा.

अटॅच आणि ओव्हरले यांचा पाथशी काय संबंध?

एक्सरेफ जोडायच्या या दोन पद्धती. पाथशी संबंध थेट नाही, पण भोगावं लागतं. अ मध्ये ब अटॅच आहे आणि तुम्ही अ जोडलीत तर ब पण मागोमाग येते, तिचा तुटका पाथही घेऊन. ओव्हरले केलेली ब मात्र अ पुरतीच राहते. आम्ही सगळं ओव्हरलेच जोडतो आणि ज्या शीटला जे लागेल ते तिथे सरळ जोडतो. दोन फाइली एकमेकींना जोडून गोल फिरण्याचा घोळही त्याने वाचतो.

फाइल बाहेर पाठवायची तर नीट पॅक कशी करायची?

ईट्रान्समिट. ही कमांड होस्ट, तिचे सगळे एक्सरेफ, इमेज, फॉन्ट, प्लॉट स्टाइल शोधून एका झिपमध्ये भरते. सेटिंगमध्ये फोल्डरची रचना राखायची की सगळं एकाच फोल्डरमध्ये टाकायचं हे विचारलं जातं. समोरच्याला फक्त बघायचं असेल तर एकच फोल्डर चालेल. तो त्यावर काम करून परत पाठवणार असेल तर रचना राखा.

झिप मिळाल्यावर ती आधी पूर्ण उघडून घ्या. झिपच्या आत बघता बघता फाइलवर डबल क्लिक केलं तर विंडोज तेवढीच एक फाइल टेंपररी फोल्डरमध्ये काढून देतं. एक्सरेफ झिपमध्येच राहतात आणि आम्हाला फोन येतो. व्हॉट्सॲपवर एकेक फाइल पाठवणाऱ्यांना मी काही सांगायचं सोडून दिलंय.

बाइंड हा दुसरा मार्ग. एक्सरेफ कायमचा होस्टमध्ये मुरवायचा. एक्सरेफच्या लेयरच्या नावात आधी फाइलचं नाव, मग उभी रेघ, मग लेयरचं नाव असतं. साधं बाइंड केलं तर ती उभी रेघ जाऊन तिथे डॉलर-शून्य-डॉलर येतं, म्हणजे लेयर कुठून आला ते दिसत राहतं. इन्सर्ट पर्याय घेतला तर नावं सरळ मिसळतात. ग्राहकाला अंतिम सेट देताना ठीक आहे, पण नेहमी कॉपीवर करा. आमच्या एका मुलाने चालू फाइलच बाइंड केली होती. त्यानंतर ग्रिड दोनदा बदलला, त्या शीटला पत्ताच नाही.

इमेज आणि पीडीएफचं काय?

तेही पत्त्यावरच चालतात, आणि ते बाइंड होत नाहीत. सर्व्हेचा स्कॅन, गुगलवरून घेतलेला साइटचा फोटो, क्लायंटचा लोगो, सगळं बरोबर पाठवावंच लागतं. पीडीएफमध्ये खऱ्या रेषा असतील तर २०१७ पासून पीडीएफइम्पोर्टने त्या ड्रॉइंगमध्ये आणता येतात, मग पाथचा प्रश्नच मिटतो. स्कॅन असेल तर नाही.

फोल्डरची नावं मराठीत ठेवली तर चालतात का?

विंडोजला चालतात. पण फाइल पुढे कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये, कुठल्या झिपमध्ये जाईल सांगता येत नाही. वर समजायला सोपं म्हणून मी मराठी लिहिलंय, कामात आम्ही इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर एवढंच ठेवतो. नावं आखूडही ठेवा. विंडोजची पाथची जुनी मर्यादा २६० अक्षरांची आहे, आणि क्लायंटचं पूर्ण नाव, प्लॉट नंबर, जीआयडीसी, फेज असं एकात एक रचत गेलं की ती गाठायला वेळ लागत नाही.

एक्सरेफ सिलेक्ट करून डिलीट केला, तरी यादीत का दिसतो?

डिलीट केल्याने चित्र गेलं, नोंद राहिली. स्टेटसमध्ये अनरेफरन्स्ड असं दिसेल. पाठवताना उगाच फाइल मागत बसतो. पॅलेटमध्ये राइट क्लिक करून डिटॅच करा. थोड्या वेळापुरता नको असेल तर अनलोड. त्यात पत्ता शाबूत राहतो आणि रीलोड म्हटलं की फाइल परत येते.